प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत सहावीच्या मुलांना ‘बल’ कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलं स्नायू बल, गुरुत्वीय बल, चुंबकीय बल, घर्षण बल असे सगळे प्रकार घडाघडा म्हणतात, पण घरंगळत गेलेला चेंडू का थांबला असं विचारलं की ‘त्यातलं बल संपलं’ असं सांगतात. मीही सहावीला विज्ञान शिकवते आणि हे उत्तर मला दरवर्षी मिळतं. माझ्या मते अख्खा धडा या एका वाक्याभोवती शिकवावा. प्रकारांची यादी मागून येऊ द्या.

धक्का दिला की वस्तूत बल भरतं आणि पुढे जाता जाता ते संपतं, असं मुलांना मनापासून वाटत असतं. त्यावरून त्यांना रागावू नका. वस्तू हलती ठेवायला सतत काहीतरी ढकलत राहावं लागतं, ही समजूत ॲरिस्टॉटलपासून जवळपास दोन हजार वर्षं टिकली. गॅलिलिओने तिला धक्का दिला आणि न्यूटनने १६८७ मध्ये गतीचे नियम मांडले.

शाळेत कॅरम बोर्ड असेलच. एक गुळगुळीत पुठ्ठा वहीवर टेकवून उतार करा आणि त्यावरून स्ट्रायकर सोडा, म्हणजे दर वेळी सुरुवात सारखीच होते. (हाताने सोडला तर ‘बाई, त्याने जोरात मारला’ यावरच तास संपतो!) आधी सतरंजीवर, मग फरशीवर, मग पावडर न टाकलेल्या बोर्डवर आणि शेवटी पावडर टाकून. दर वेळी तो कुठवर गेला ते मुलांना पट्टीने मोजू द्या. मग विचारा, ‘पावडर टाकल्यावर स्ट्रायकरमध्ये जास्त बल भरलं का?’ वर्ग जरा वेळ गप्प होतो. घाई करू नका, थांबा. कुणीतरी म्हणतंच, ‘नाही, बोर्डाने कमी अडवलं.’ घर्षण हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ हीच. त्यापाठोपाठ ‘आणि अजिबात कुणी अडवलंच नाही तर?’ एवढं विचारून सोडून द्या. या प्रश्नावर मुलं मधल्या सुट्टीतही बोलत असतात.

पुढे प्रत्येक उदाहरणाला तीनच प्रश्न लावा: बल कोण लावतंय, कशावर, कुठल्या दिशेला? पहिल्याचं उत्तर नसेल तर ते बल नाही. समज तपासायला वर फेकलेल्या चेंडूचं चित्र काढायला सांगा, हातातून सुटून अजून वर जात असलेला. बहुतेक जण वरच्या दिशेने बलाचा बाण काढतील. ‘हा बाण कुणाचा? आत्ता कोण ढकलतंय?’ असं विचारलं की स्वतःच खोडतात. राहतो तो पृथ्वीचा खाली ओढणारा बाण, आणि हवेचा थोडा अडथळा.

टेबलावर ठेवलेल्या पुस्तकावर काहीच बल नाही, ही दुसरी पक्की समजूत. दोन विटांवर प्लॅस्टिकची पट्टी आडवी ठेवून मधोमध पुस्तक ठेवा. पट्टी वाकलेली दिसते, आणि ती पुस्तकाला वर ढकलतेय हे हाताने दाबून बघितलं की कळतं.

जड वस्तू आधी पडते का, हे वही आणि कागदाने दाखवा. वेगवेगळे सोडले तर कागद तरंगत मागे राहतो. तोच कागद वहीच्या वर, कडेबाहेर न येता ठेवून सोडला तर दोन्ही बरोबर पडतात. मग १९७१ ची अपोलो १५ ची चित्रफीत मोबाइलवर दाखवा: डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले आणि ते एकदमच पडले, कारण तिथे अडवायला हवा नाही.

चुंबकाला फार वेळ लागत नाही, टाचणी आणि मध्ये कागद पुरे. कंगव्याने कागदाचे कपटे उचलण्याचा प्रयोग मात्र पावसाळ्यात करू नका, दमट हवेत तो फसतो आणि मुलांचा विश्वास उडतो. थंडीत करा.

ताणकाटा (बल मोजायचा स्प्रिंगचा काटा) नसेल तर कंपासपेटीला रबरबँड अडकवून ओढा आणि एकसारखी ओढताना रबर किती ताणला ते मोजा. सतरंजीवर जास्त, फरशीवर कमी. न्यूटन हे एकक सांगायचंच असेल तर १०० ग्रॅमचा बिस्किटपुडा प्रत्येकाच्या तळहातावर ठेवा: त्याला पृथ्वी साधारण १ न्यूटन बलाने खाली ओढते. सूत्रं या वयात नकोत.