महालातल्या माडीवरून मनीषनगरच्या चौथ्या मजल्यावर: टेम्पो केवढा, हमाल किती?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या महाल भागातल्या बोळातलं, पहिल्या माडीवरचं टू-बीएचकेभर सामान मनीषनगरला लिफ्ट असलेल्या चौथ्या मजल्यावर न्यायचं, तर छोट्या हत्तीच्या (टाटा एस टेम्पोच्या) दोन फेऱ्या कराव्या की एकच ४०७, म्हणजे टाटाचीच त्याहून मोठी गाडी, बोलवावी. किलोमीटर आधी डोक्यातून काढा, ते जेमतेम आठ-नऊ आहेत. वेळ आणि हमाली खर्ची पडते ती घराच्या दारापासून टेम्पोच्या फाळक्यापर्यंत, आणि तिकडे लिफ्टच्या तोंडाशी.

म्हणून गाडी ठरवण्याआधी टेप घेऊन दोन्ही घरं मोजा. बोळाची सगळ्यात अरुंद जागा, जिन्याचं वळण, लिफ्टच्या दाराची रुंदी-उंची. लिफ्टमधली पाटीही वाचा. ६ माणसांच्या लिफ्टवर ४०८ किलो लिहिलेलं असतं. रिकामं लोखंडी कपाट वजनात सहज बसतं, अडतं ते उंचीत. साडेसहा फुटी कपाट दाराखालून उभं सरकू शकतं, पण हमालांनी चार बोटं उचललं की वरची कड चौकटीला लागते. खाली गोणपाट घालून सरकवायला सांगा. तीन जणांचा सोफा उभा करून मावत नसेल तर तो जिन्याने जाणार, आणि त्याची हमाली आधीच बोलून ठेवावी लागते.

छोट्या हत्तीचा हौदा साधारण ७ फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद, भार पाऊण टन. ४०७ चा सुमारे १० बाय ६. तुमचं सामान ४०७ मध्ये एका फेरीत जाईल, छोट्या हत्तीला दोन फेऱ्या लागतील. पण दोन फेऱ्यांत टेम्पो वाटेत असताना हमाल बसून राहतात आणि सामान दोन्हीकडे अर्धं-अर्धं उघडं पडतं. माझं मत स्पष्ट आहे: ४०७, आणि ती सकाळी सहाला. महालात गाडी बोळात शिरणार नाही, मोठ्या रस्त्यावर उभी राहील. दुकानं उघडली की ती तिथे टिकणार नाही.

हमाल एरवी चार पुरतात. बोळ असल्यामुळे पाच घ्या आणि एक हातठेला. दोघं माडीवरून खाली आणतील, एक ठेला चालवेल, दोघं गाडीत लावतील. गाडीत लावणारा माणूस सगळ्यात जुना-जाणता हवा. भाडं ठरवताना मजले, ठेला, ताडपत्री-दोर, पलंग खोलणं-जोडणं आणि थांबण्याचे पैसे किती तासांनंतर लागतील, हे सगळं एका दमात बोलून घ्या. ‘हमाली वेगळी’ हा शब्द सामान उतरल्यावर ऐकू येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

खोकी पस्तीस-चाळीस लागतील. पुस्तकं लहान खोक्यात, एक खोकं पंधरा किलोच्या वर नको. तळ फाटतो तो जिन्यातच.

कूलरकडे नीट लक्ष द्या, हलवताना त्याचं नुकसान सहज होतं. आदल्या दिवशी टाकी रिकामी करा. तळाशी पाणी राहिलं तर गाडी हलताना तेच मोटरवर उडतं. बाजूच्या गवत भरलेल्या ताट्या काढून उन्हात वाळवा, ओल्या ताट्यांचं वजन पत्र्याची कड वाकवतं. पंप काढून कापडात गुंडाळा, पंख्याचं पातं सुतळीने जाळीला बांधा. स्टँड वेगळा न्या.

इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते आणि आत आम्ल असतं. इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्हची, मग पॉझिटिव्हची तार सोडा, बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेप लावा, बॅटरी उभीच न्या. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, सिलिंडरही उभाच. स्प्लिट एसी हमालांना काढू देऊ नका. मेकॅनिक गॅस बाहेरच्या युनिटमध्ये उतरवून घेतो, नाहीतर पाइप सोडताच तो उडून जातो. फ्रिज आदल्या रात्री बंद करून बर्फ वितळवा.

भरताना केबिनकडे कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, बाजूला गाद्या उभ्या, मग खोकी. स्वयंपाकघर, पाना-पेचकस आणि कूलर फाळक्यापाशी, म्हणजे आधी उतरतील.

दिवस निवडताना तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, टाळा: त्या दिवशी मारबतीच्या (मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीने महाल-इतवारी ठप्प असते. दीक्षाभूमीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपासही वाहतूक वळवलेली असते. पावसाळ्यात नरेंद्रनगर आणि मनीषनगरच्या रेल्वेखालच्या रस्त्यांत पाणी साचतं, तेव्हा पुलावरूनच जा. मे महिन्यात अकरानंतर भरणी-उतरणी ठेवूच नका. पंचेचाळीस अंशांत हमालांची गती निम्मी होते, आणि लोखंडाला हात लावता येत नाही. त्यांच्यासाठी पाण्याची कॅन गाडीतच ठेवा.

सोसायटीकडून शिफ्टिंगच्या वेळा लेखी घ्या. खालच्या पार्किंगच्या बीमखालून ४०७ जाते का तेही पाहा. नसेल जात तर गाडी गेटबाहेर थांबेल आणि ठेला तिकडेही लागेल. घरचं एक माणूस गाडीपाशी, एक वर खोल्या दाखवायला. खोक्यांवर खोलीचं नाव आधीच लिहा.

पोचल्यावर आधी कूलर जोडा. फ्रिज तीन-चार तास उभा राहू द्या, मगच चालू करा. हलल्यामुळे कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत चढलेलं असतं, ते खाली उतरायला एवढा वेळ लागतो.