कूलरच्या मोटरची घरघर

प्रश्न: डेझर्ट कूलरच्या मोटरची बेअरिंग मागच्या मे महिन्यात बदलली होती, यंदा लावला तर परत घरघर. मेकॅनिक म्हणतो शाफ्टच, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडाच, गेला. नवी बेअरिंग असताना शाफ्ट कसा जातो?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: जातो नं भाऊ! बेअरिंगची आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसून त्याच्यासोबतच फिरली पाहिजे, बाहेरची कव्हरमधे किंचित सैल चालते. आतली ढिली झाली की शाफ्ट तिच्यातच घसरत फिरतो अन् लोखंड घासत जातं. बेअरिंगची जागा पुसून नख फिरवा, पायरी लागली तर मेकॅनिक खरं बोलतोय. 6203 नंबरच्या बेअरिंगचं भोक 17 मिमीचं, तिथे शाफ्ट 16.95 भरला तर नवी टाकून फायदा नाही. काही जण शाफ्टवर पंचचे ठिपके मारून बसवून देतात, उन्हाळा कसाबसा निघतो म्हणा, पण शाफ्ट सेंटरमधे राहत नाही. घासलेली जागा लेथवाल्याकडून धातूने भरून टर्निंग करून, म्हणजे कातून मापात आणून, घ्या.

आणि बसवताना बाहेरच्या रिंगवर हातोडी नको, तो मार गोळ्यांमधून आत जातो अन् नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करते. आतल्या रिंगवर टेकेल असा पाइप ठेवून ठोका. अन् हो, कव्हरमधला लाटांसारखा वाकडा वायसर फेकू नका, मोटर तापून शाफ्ट लांबतो तेव्हा तोच दबून जागा देतो, एरवी बेअरिंगला हलकं दाबून धरतो.