लिटर म्हणजे वेत, दूध नाही

एका भाऊंनी विचारलंय की नागपुरातच एका ब्रीडरकडून (कुत्र्यांची पैदास करणाऱ्याकडून) लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, तो म्हणे हे 'सी लिटर'चं आहे त्यामुळे पेपरवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव 'सी' पासूनच लागणार. तर या लिटरला, म्हणजे एका खेपेत जन्मलेल्या पिल्लांना, मराठीत शब्द आहे का, आणि ही 'सी'ची काय भानगड आहे.

शब्द आहे ना भाऊ, चांगला चालता शब्द आहे, फक्त कुत्रेवाल्यांनी तो गोठ्यातच राहू दिला. वेत. ते वेत, नपुंसकलिंगी. गवळ्याकडे म्हैस पाहायला जा, नागपुरी असो का मुऱ्हा, दुधाच्या आधी तो सांगतो 'दुसऱ्या वेताची हाये', आणि किंमतीची गोष्ट तिथून सुरू होते. हिंदीत ब्यांत. म्हैस व्याली, मांजर व्याली तशी कुत्रीही व्यालीच, मग तिच्या वेताला वेत म्हणायला कसली लाज?

काही जण 'पिलावळ' सुचवतात, ते नका करू बाप्पा, कोणाची पिलावळ म्हटलं की अर्धी शिवी झाली. 'वीण' शब्द गोड आहे पण तो पक्षीवाल्यांनी विणीच्या हंगामात नेला आणि उरलेला स्वेटरमध्ये गेला. आणि 'लिटर' तसंच ठेवलं तर काय होतं ते मी पाहिलंय, आमच्या एका मित्रानं फॅमिली ग्रुपवर टाकलं 'आमच्याकडे काल लिटर झालं', तर त्याची मावशी विचारून राहिली, किती लिटर, म्हैस केव्हा घेतली?

मजा म्हणजे इंग्रजी शब्दही गोठ्यातलाच आहे. फ्रेंचमध्ये 'ली' म्हणजे बिछाना, त्यावरून जनावराखाली अंथरलेला पेंढा म्हणजे लिटर आणि मग त्या पेंढ्यावर जन्मलेली पिल्लं म्हणजेही लिटर. जर्मन लोक 'वुर्फ' म्हणतात, तो तर सरळ 'फेकणे' या क्रियापदावरून आला.

आता एक खोच आहे. वेताचा आकडा आपल्याकडे आईला लागतो, 'तिसऱ्या वेताची म्हैस' म्हणजे तीनदा व्यालेली म्हैस. ब्रीडरचा 'सी' मात्र आईचा नसतो, तो त्याच्या केनेलचा, म्हणजे कुत्र्यांची पैदास करायच्या त्याच्या जागेचा असतो. ही पद्धत जर्मनीत पक्की रुजली आहे, केनेलचं पहिलं वेत 'ए', दुसरं 'बी', तिसरं 'सी', त्या वेतातल्या सगळ्यांची नावं त्याच अक्षरावरून, मग आई कोणतीही असो, तिची पहिलीच खेप असली तरी. म्हणून 'तिसऱ्या वेताचं पिल्लू' म्हणाल तर माझ्या कानाला तरी आईचा हिशोब ऐकू येतो. 'सी वेतातलं पिल्लू' म्हणा, त्या 'तलं'नं घोळ मिटतो.

फ्रान्समध्ये याहून वेगळं, तिथं अक्षर केनेलचं नाही तर वर्षाचं. २०२४ ला 'व्ही' होतं, २०२५ ला परत 'ए', कारण के, क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड ही सहा अक्षरं गाळून वीसच वापरतात. म्हणजे नावावरून कुत्र्याचं वय काढता येतं. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, पत्रिकेतलं नावरस नाव काय असतं मग? अश्विनी नक्षत्राला चू, चे, चो, ला. पोट्ट्याच्या पत्रिकेत लागतं 'चोखाराम' आणि घरी त्याला म्हणतात बंटी.

कुत्र्याचंही तसंच. पेपरवरच्या नावात केनेलचं नाव पुढे नाहीतर मागे जोडलेलं असतं, आपल्या आडनावासारखं, त्यामुळे ते मालगाडीएवढं होतं. कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबनं तर ५० अक्षरांची मर्यादा घातली आहे, रिकाम्या जागा धरून. बरं एवढं लांबलचक नाव कोण हाक मारतो? त्यासाठी वेगळं नाव असतं, त्याला इंग्रजीत 'कॉल नेम' म्हणतात, मी 'हाकेचं नाव' म्हणतो, पाळण्यातलं नाव म्हणण्यापेक्षा ते बरं.

त्याआधीही एक नाव असतं, फितीचं. सात काळी पिल्लं सारखीच दिसतात, वजन कोणाचं घेतलं आणि कोण दूध प्यायलं नाही हे कळायला गळ्यात रंगीत फिती बांधतात, आणि मग घरातले सगळे लाल्या, पिवळ्या, हिरव्या म्हणायला लागतात. रंगावरून नाव ही आपली जुनीच रीत, बैल ढवळ्या-पवळ्या असतातच की, फक्त इथं रंग अंगाचा नाही, फितीचा. आमच्या गल्लीत असा एक हिरव्या आहे, कुळकुळीत काळा, नवीन माणूस नाव विचारतो आणि मग कुत्र्याकडे बघतच राहतो.

तर भाऊ, तुमच्या 'सी' बद्दल. सीझर आणि कोको शोधत बसू नका, ते दर तिसऱ्या घरी आहेत. अट रोमन अक्षराची आहे, आणि आपला 'च' आणि 'छ' रोमनमध्ये 'सी' नंच लिहितात, म्हणजे चांदणी, चिंगी, छबू, चंपी सगळे नियमात बसतात. दोन अक्षरी घ्या, तोंडात पटकन येतं. फक्त 'चलू' वगैरे नका ठेवू, रोज फिरायला निघताना 'चल' म्हणाल तेव्हा त्याला कळणार नाही की निघायचंय का नुसती हाक मारली.