एसयूव्हीत ऑल व्हील ड्राइव्हचा फॉल्ट येतोय आणि 'मॉड्यूल बदला' म्हणतात. आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुलैत गुहागरहून कुंभार्ली घाटाने पुण्याला परतताना मीटरवर 'ऑल व्हील ड्राइव्ह फॉल्ट' असा संदेश आला, म्हणजे गरज पडली की मागच्या चाकांनाही जोर देणाऱ्या यंत्रणेत दोष असल्याचा. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि संदेश आपोआप गेला. चार दिवसांनी पाऊस लागला तसा परत आला. सर्व्हिस सेंटरने यू०११४ हा बिघाडाचा कोड दाखवला आणि त्या यंत्रणेचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे तिचा छोटा कॉम्प्युटर, बदलायला सांगितलं, खर्च ९० हजारांच्या घरात. वॉरंटी संपलेली. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की महिन्यापूर्वी मागचा एक टायर कापला म्हणून तेवढा एकच नवा घातला.

मी कराडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. कुंभार्लीतून भिजून आलेल्या गाड्या पावसाळाभर माझ्या दारात असतात, म्हणून सविस्तर लिहितो. मॉड्यूल बदलायला इतक्यात हो म्हणू नका. बिघडलेलं मॉड्यूल ऊन पडल्यावर बरं होतं आणि पाऊस आला की आजारी पडतं, असं क्वचित घडतं. पाण्याबरोबर येणारा आणि पाण्याबरोबर जाणारा दोष बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा वायरमध्ये सापडतो.

आधी तो कोड काय म्हणतो ते बघा. यू०११४ चा अर्थ 'ऑल व्हील ड्राइव्हच्या क्लचचं मॉड्यूल मला ऐकू येत नाही' एवढाच, आणि ही तक्रार गाडीतल्या दुसऱ्या कुठल्या तरी मॉड्यूलने नोंदवलेली असते. शाळेच्या हजेरीत मुलगा गैरहजर दिसतो, पण तो आजारी आहे, रस्त्यात अडकलाय की त्याची सायकल पंक्चर आहे, हे हजेरीपुस्तक सांगत नाही. मॉड्यूलला करंट पोचत नसेल, अर्थ सैल असेल, मॉड्यूल्स ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या निरोपाच्या दोन वायरींपैकी एक तुटली असेल किंवा मॉड्यूल खरंच गेलं असेल, तरी कोड हाच येतो. यातली शेवटची शक्यता सर्वांत महाग, म्हणून ती सर्वांत शेवटी धरायची.

म्हणून पहिली मागणी ही करा की स्कॅनर लावून सगळ्या मॉड्यूल्सचे कोड वाचा, फक्त ऑल व्हील ड्राइव्हचे नकोत. आणि पुसण्याआधी त्यांचे फोटो काढा. कोडसोबत 'फ्रीझ फ्रेम' म्हणून नोंद असते: त्या क्षणी व्होल्टेज किती होतं, गाडीचा वेग किती, किलोमीटर किती. ती नोंद म्हणजे अर्धं निदान असतं. घाईने कोड पुसले की ती बहुधा हातची जाते.

सगळे कोड का, तर या यंत्रणेची रचनाच तशी आहे. तुमच्यासारख्या गाडीत इंजिन पुढच्या चाकांना ओढतं. गिअरबॉक्सच्या बाजूने एक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा डबा) तोंडाशी अनेक चकत्यांचा एक क्लच असतो, त्याला कपलिंग म्हणतात. काही गाड्यांत हा क्लच विद्युतचुंबकाने आवळला जातो, काहींत छोट्या पंपाने तेलाचा दाब देऊन. किती आवळायचा हे मॉड्यूल ठरवतं, पण त्यासाठी लागणारी माहिती त्याची स्वतःची जवळजवळ नसतेच. चारही चाकांचा वेग एबीएसकडून (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) येतो, स्टिअरिंगचा कोन स्टिअरिंगच्या सेन्सरकडून, इंजिनाचा जोर इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून. यातलं एक जरी गप्प झालं तरी मॉड्यूल सावधगिरी म्हणून क्लच सोडून देतं आणि दिवा लावतं. एका चाकाच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली, तरी तुम्हाला संदेश ऑल व्हील ड्राइव्हचाच दिसतो.

दुसरा प्रश्न विचारा: दिवा लागलेला असताना स्कॅनरला ते मॉड्यूल सापडतं का? सापडत असेल आणि त्यात यू०१२१ असेल, तर त्याला एबीएस ऐकू येत नाहीये. तपासाची दिशाच बदलली. अजिबात सापडत नसेल तर पुढचं काम मल्टिमीटरचं.

सुरुवात बॅटरीपासून करा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी रिकामी आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. थकलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना मॉड्यूल्स क्षणभर झोपतात आणि उठल्यावर एकमेकांच्या नावाने कोड टाकतात. असे विखुरलेले आठ-दहा यू-कोड, म्हणजे 'अमुक मॉड्यूल ऐकू येत नाही' छापाचे, दिसले की मी आधी बॅटरीच बघतो.

यानंतरची गोष्ट मी जरा लांबवून सांगणार आहे, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जाताना पाहिलेत. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात चिपळूणची एक गाडी आली. हाच कोड. दुसरीकडे कुठे तरी मॉड्यूल बदलून झालं होतं, आठवडाभर गाडी छान चालली आणि पुन्हा दिवा. मालक अगदी रडकुंडीला आलेले. डिकीतली स्टेपनी काढली, डाव्या कोपऱ्यातला गालिचा उचलला तर खाली ओल. मागच्या दिव्याच्या रबरी पट्टीतून पाणी झिरपत होतं आणि वायरींवरून ओघळत थेट मॉड्यूलच्या कनेक्टरमध्ये उतरत होतं. पितळेच्या भांड्याला धरतो तसा हिरवा कळंक दोन पिनांवर जमला होता. अर्थचा बोल्ट बॉडीला जिथे लागतो तिथे रंगाखाली गंज.

मग आठवडाभर ती कशी चालली? मॉड्यूल बदलताना कनेक्टर काढला आणि परत दाबून बसवला, त्यात पिना घासल्या गेल्या. संपर्क तात्पुरता जुळला आणि श्रेय नव्या मॉड्यूलला गेलं. मी पिना बदलल्या, अर्थची जागा घासून पुन्हा आवळली, दिव्याची पट्टी नवी टाकली. मालकांनी जुनं मॉड्यूल जपून ठेवलं होतं, तेच परत बसवलं. गाडी आजही त्याच्यावर चालते. म्हणून सांगतो, काहीही बदललं तरी जुना भाग मागून घ्या.

अर्थ तपासायची एक पद्धत आहे, ती फिटरला आवर्जून करायला लावा. नुसत्या ओहम मीटरवर विसंबू नये. वायरच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर शून्याच्या जवळ दाखवतो, पण ती तार करंट वाहून नेऊ शकत नाही. मॉड्यूलचा कनेक्टर काढायचा आणि त्याच्या पॉझिटिव्ह व अर्थ पिनांवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावायचा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तो पेटलेला असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कनेक्टरच्या अर्थ पिनेला लावून व्होल्टेज बघायचं. ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ ठीक. चिपळूणच्या त्या गाडीत दीड व्होल्टच्या वर होतं. आणि हा बल्ब फक्त करंट आणि अर्थच्या पिनांवरच लावायचा. निरोपाच्या वायरींवर, सेन्सरवर आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर चुकूनही नाही.

पुरवठा ठीक निघाला तर निरोपाच्या वायरींकडे वळा. याला कॅन म्हणतात, बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेली पद्धत. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरी, आणि त्यांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. बॅटरी काढून दोन वायरींमध्ये मोजलं तर दोन्ही रेझिस्टर मिळून ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा मार्ग तुटलाय. शून्याजवळ दिसले तर वायरी एकमेकींना चिकटल्यात. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जोडतात ते) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर हे मोजता येतं. मात्र आजच्या बऱ्याच गाड्यांत मध्ये निरोप पुढे पाठवणारं गेटवे नावाचं मॉड्यूल असतं, त्यामुळे सॉकेटवर ६० दिसले म्हणजे मागचं जाळं ठीक आहे असं ठरत नाही. मोजणी ऑल व्हील ड्राइव्हच्या कनेक्टरवर करायची. ही वायर कुठे तुटलेली निघालीच तर नुसती टेप गुंडाळून घेऊ नका. झाळून, वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवून, पीळ पुन्हा जसाच्या तसा द्यावा लागतो. आणि तपासताना सुईने वायर टोचणाऱ्याला थांबवा. त्या छिद्रातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्यात तीच जागा सडते.

आता तुमचा टायर. त्याच्यामुळे यू०११४ येत नाही हे आधी सांगतो, पण ते ओझरतं लिहिलेलं वाक्य मला कोडपेक्षा जास्त खटकलं. समजा टायर २३५/६५ आर १७ मापाचा आहे. त्याचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर खोल आणि जुन्याची ३ उरली असेल, तर व्यासात १० मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ १.४ टक्के. एकाच बाजूला नवा टायर असल्याने मागच्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत फिरावं लागतं, आणि पुढच्या-मागच्या धुरांचा वेग कधीच जुळत नाही. मॉड्यूलला वाटतं चाक घसरतंय, ते क्लच आवळतं, चकत्या घासतात, तेल तापतं. फार तापलं की मॉड्यूल स्वतःच क्लच सोडतं आणि इशारा देतं. वाळूत किंवा चिखलात बराच वेळ झगडल्यावर असा इशारा आला आणि गाडी थंड झाल्यावर गेला, तर तो बिघाड नाही, ते संरक्षण आहे. पण सपाट हायवेवर येत असेल तर आधी टायर मोजा. चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि नक्षीत २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसलेले हवेत. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तकात बघा. चारही नवे घेणं जड जात असेल तर निदान मागचे दोन जोडीने बदला, तेही पुढच्यांची झीज त्या मर्यादेत बसत असेल तरच. चारही टायरांचा खर्च कपलिंगच्या खर्चापेक्षा कमीच येतो.

हे सगळं बघून झालं, करंट पोचतोय, अर्थ पक्का आहे, कनेक्टरपाशी कॅन ठीक आहे, तरीही मॉड्यूल गप्प आहे. तेव्हा मी म्हणतो की ते गेलं. मॉड्यूल जातातही, नाही असं नाही. पण तेव्हासुद्धा नवं बसवण्याआधी ते का गेलं ते शोधा. कपलिंगच्या चुंबकाची कॉइल किंवा तेलाचा पंप शॉर्ट असेल तर त्याला करंट देता देता मॉड्यूलमधला भाग जळतो, आणि नवं मॉड्यूलही त्याच वाटेने जातं. पंपवाल्या प्रकारात, विशेषतः हाल्डेक्स नावाच्या कपलिंगच्या पाचव्या पिढीत, वेगळा बदलता येणारा फिल्टर नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. चकत्यांचा चुरा तिच्यात अडकला की पंप दम लागेपर्यंत ओढत राहतो. तेल बदललं पण पंप काढून जाळी साफ केली नाही, तर ते काम अर्धंच झालं. सर्व्हिसच्या बिलात कपलिंगच्या तेलाची नोंद आहे का बघा. बऱ्याच बिलांत ती मला सापडत नाही.

नवं मॉड्यूल घ्यावंच लागलं तर ते तुमच्या गाडीच्या चॅसी नंबरला जोडून प्रोग्राम करावं लागतं. भंगारातलं स्वस्त मॉड्यूल आणून नुसतं बसवलं तर बहुतेक गाड्या ते ओळखत नाहीत. प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावलेला हवा. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवंकोरं मॉड्यूल तिथेच निकामी होऊ शकतं. आणि बॅटरी काढली असेल किंवा अलाइनमेंट केलं असेल तर स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य पुन्हा बसवून घ्या, नाहीतर दुरुस्त गाडीतही दिवा लागेल.

सर्व्हिस सेंटरला भांडायला जाऊ नका. लोडवर, म्हणजे बल्ब पेटलेला असताना, अर्थ किती व्होल्ट निघाला, कनेक्टरवर कॅन किती ओहम निघाला, कॉइल किंवा पंपाचं रेझिस्टन्स किती, हे तीन आकडे जॉबकार्डवर लिहून मागा. ज्याने खरंच तपासलंय तो दोन मिनिटांत लिहून देईल. तोवर डिकीचा गालिचा उचलून तुम्ही स्वतः हात फिरवून बघा, ओल लागते का.

मधल्या काळात गाडी पुढच्या चाकांवर चालेल, शहरात आणि हायवेवर अडचण नाही, फक्त ओल्या घाटात आणि चिखलात मागच्या चाकांची मदत धरू नका. गाडी कुणालाही दोनच चाकं उचलून इंजिन चालू करू देऊ नका. क्लच अचानक लागला तर ती जॅकवरून उडी मारते. आणि टो करायची वेळ आलीच तर चारही चाकं वर घेणारी सपाट गाडीच बोलवा.