कोल्हापुरात वसाहतीलगतची झाडी बांधकामासाठी तोडली जाणार आहे. रहिवाशांनी हरकत कशी घ्यावी?

महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून, तोडीच्या अर्जाची सूचना वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावरही लावणे वृक्ष अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती सूचना नसेल, तर ती लावलेली नाही हे नोंदवून वृक्ष प्राधिकरणाकडे (झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीकडे) लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि अंदाजे वय लिहावे, कारण २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या वृक्षाला वारसा वृक्षाचा, म्हणजे विशेष जपायच्या जुन्या झाडाचा, दर्जा मिळतो. जुना वड तोडून लावलेली रोपे त्याची सावली आपल्या हयातीत देणार नाहीत, हे हरकतीवरील सुनावणीत ठामपणे मांडावे.