हृदयविकार असलेल्या मांजराला पूरके देण्यापूर्वी
पूरके आणण्याआधी पशुवैद्यांकडून इको तपासणी (हृदयाची सोनोग्राफी) करून विकार नेमका कोणता आहे ते निश्चित करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. टॉरिन या अमिनो आम्लाच्या अभावाने मांजराचे हृदय फुगून शिथिल होते, हे १९८७ मध्ये संशोधकांनी दाखवले, आणि अशा मांजरांना टॉरिनने खरोखरच जीवदान मिळू शकते. मात्र त्याहून अधिक आढळणाऱ्या, हृदयाची भिंत जाड होण्याच्या विकारात त्याचा तसा उपयोग होत नाही. ओमेगा-३ या मेदाम्लांसाठी जवसाचे नव्हे, माशाचे तेल पशुवैद्यांनी सांगितलेल्या प्रमाणातच द्या, कारण जवसातील मेदाम्लाचे उपयुक्त स्वरूपात रूपांतर मांजराच्या शरीरात फारच अल्प होते. चालू औषधे पूरकांच्या भरवशावर कधीही थांबवू नका. झोपेतील श्वास मिनिटाला ३० पेक्षा अधिक भरू लागले, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना कळवा.