अक्षरं उलटसुलट झालेला किंवा मुळातच नसलेला शब्द आपल्याला कळतो कसा?

तुम्हाला याचं कौतुक वाटतंय. माझं पोट मात्र याच्याशी भांडण्यावर चाललं. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी तेवीस वर्षं प्रुफं तपासली. एकदा एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठसठशीत 'मराठी व्यारकण' छापून गेलं. मी पाहिलं होतं, आणखी दोघांनी पाहिलं होतं, लेखकांनी तर खाली सही केली होती. चूक सापडली बाइंडिंगच्या पोऱ्याला. त्याला वाचनाची फारशी सवय नव्हती, एकेक अक्षर लावत वाचायचा, म्हणूनच सापडली.

सरावलेला माणूस शब्द वाचत नाही, ओळखतो. मन आधी अंदाज बांधतं आणि डोळ्यांना फक्त विचारतं, काही हरकत आहे का? नसेल तर उरलेलं स्वतःच भरून मोकळं होतं. वर, भरलं म्हणून सांगतही नाही.

पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर असलं की मधली कशीही चालतात, असं केंब्रिजच्या संशोधनात आढळलं, हा इंग्रजी मेसेज तुम्हीही वाचला असेल. तो २००३ पासून फिरतोय. तसं संशोधन केंब्रिजात झालेलंच नव्हतं. तिथल्याच मॅट डेव्हिस या मेंदूच्या अभ्यासकाने ते खोडून काढलं. मूळ धागा सापडतो तो ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या १९७६ च्या प्रबंधात. शिवाय हे फुकट जमत नाही. २००६ मध्ये कीथ रेनर आणि सहकाऱ्यांनी वाचनाचा वेग मोजला, तेव्हा शब्दातली मधली अक्षरं हलवल्यावर तो सुमारे ११ टक्क्यांनी उतरला आणि सुरुवातीची हलवल्यावर ३६ टक्क्यांनी.

आता मराठीत पाहा. 'काल संकाध्याळी शिजीवागनरला पाऊस झाला.' जरा ठेचकाळलात, पण पोचलात. यात 'काल', 'पाऊस', 'झाला' जसेच्या तसे आहेत, त्यांनीच तुम्हाला हात धरून नेलं. (दोन अक्षरांच्या 'काल'मध्ये हलवायला आहेच काय म्हणा!) आता हे वाचा: 'शवीजानगिर'. इथे व्यंजनं सगळी जागच्या जागी आहेत, फक्त काना आणि वेलांट्या सरकल्यात. मला तरी हे जास्त जड जातं. काना-वेलांटीसकट अख्खं अक्षर आपण एका घासात घेतो, तो घासच मोडला की तोंडात खडा.

कानाचंही तेच. स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उभे राहा. भोंग्यातून नुसती खरखर येते, तरी वाईला जाणाऱ्याला 'वाई' बरोबर ऐकू येतं आणि तो पिशवी उचलतो. शेजारचा विचारतो, काय म्हणाले हो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापला आणि त्या जागी खोकला बसवला. ऐकणाऱ्या २० पैकी १९ जणांना शब्द अखंड ऐकू आला. विसाव्याने काहीतरी गेलंय म्हटलं खरं, पण काय गेलं ते चुकीचं सांगितलं. खोकल्याऐवजी नुसती शांतता ठेवली, तर मात्र खाच लगेच कळते. तेव्हा स्टँडवरचे हॉर्न आपल्याला मदतच करतात म्हणायचं!

नसलेल्या शब्दांची गंमत आणखी वेगळी. 'लकडी पुलावर एका गोंबट्याने दोन लिसुंड्या टरकुडल्या.' हे तीन शब्द मी आत्ता चहा पिताना बनवले. तरी कोणी केलं? गोंबट्याने. किती? दोन. एक असती तर? लिसुंडी, आणि ती स्त्रीलिंगीच. 'ने' आणि 'ल्या' यांनी एवढं सगळं सांगितलं. काय केलं, हे घरात विचारलं तर बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "फाडल्या असतील." कारण 'टर' म्हटलं की आपल्याला कापडच आठवतं, टराटरा. जीन बर्को या अभ्यासिकेने १९५८ मध्ये लहान मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवून 'वग' (wug) हे इंग्रजीतलं बनावट नाव सांगितलं. मग दोन प्राणी दाखवल्यावर मुलांनी अनेकवचन न शिकवता बरोबर केलं. आपणही अडगुलं-मडगुलंचा अर्थ न विचारताच मोठे झालो की.

आता माझी फजिती. गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' आहे, म्हणजे ज्याने नाग बांधून घेतलाय तो. लहानपणी 'फणिवर' कुणाला माहीत? घरातले देव फळीवर बसलेले, म्हणून मी 'फळीवर वंदना' ऐकलं आणि वर्षानुवर्षं टाळ्या वाजवत तेच म्हटलं. छापखान्यात आरतीसंग्रहाचं प्रूफ आलं, तेव्हा वय पस्तिशीचं होतं. 'फणिवरबंधना' बरोबर छापलेलं होतं. मी लाल पेनाने ते कापलं आणि समासात नीट अक्षरात 'फळीवर वंदना' लिहून दिलं.